कॅलिफोर्नियाचा किनारा, विस्काइनोचे नकाशे आणि १६६ वर्षं न सापडलेलं बंदर

खाडीपलीकडे (धागा लेखक)

कॅलिफोर्नियात किनारा धरून दक्षिणेकडून उत्तरेला निघालं की संतांची रांगच लागते. सॅन डिएगो, सांता कातालिना बेट, सॅन पेद्रो, सांता बार्बरा, पॉइंट कन्सेप्शन, सांता लुसिया डोंगर, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वर पॉइंट रेयेस. आता ही नावं कॅथलिक पंचांगाशेजारी ठेवून बघा. १२ नोव्हेंबर, २५ नोव्हेंबर, २६ नोव्हेंबर, ४ डिसेंबर, ८ डिसेंबर, १३ डिसेंबर, ६ जानेवारी. १६०२-०३ च्या हिवाळ्यात स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख सेबास्तियन विस्काइनो याची जहाजं साधारण कोणत्या दिवशी कुठे होती, त्याची डायरीच किनाऱ्यावर लिहून ठेवलेली आहे. ज्या संताचा सण, त्याचं नाव जागेला. सॅन डिएगो तर दोन्हीकडून जुळलं, कारण त्याच्या मुख्य जहाजाचंही नाव तेच होतं.

हा माणूस मुळात खलाशी नव्हे, मनिलाच्या मालात पैसा घातलेला व्यापारी. १५६५ मध्ये उर्दानेता या स्पॅनिश पाद्री-खलाशाने फिलिपिन्सहून मेक्सिकोला परतायची वाट शोधली: मनिलाहून जपानच्या अंगाने वर जायचं, पश्चिमेचे वारे धरून पॅसिफिक ओलांडायचा, आणि कॅलिफोर्नियाचा किनारा दिसला की उजवीकडे वळून आकापुल्कोपर्यंत उतरायचं. रेशीम आणि चिनी मातीची भांडी भरलेली ही गॅलियन जहाजं चार ते सहा महिने पाण्यावर असत. किनारा दिसेपर्यंत निम्मे लोक आजारी, पिण्याचं पाणी संपत आलेलं, आणि समोरच्या किनाऱ्यावर नांगर कुठे टाकावा हे कोणालाच माहीत नाही. त्यात १५८७ मध्ये थॉमस कॅव्हेंडिश या इंग्रजाने काबो सान लुकासजवळ 'सांता आना' हे गॅलियन लुटून पेटवून दिलं. विस्काइनो त्याच जहाजावर होता. माल गेला, जीव वाचला.

बंदर शोधायचा एक प्रयत्न आधी झाला होता. १५९५ मध्ये सेर्मेन्यो या कप्तानाला सांगितलं गेलं की मनिलाहून येताना वाटेत किनारा बघत ये. भरल्या जहाजाने तो आजच्या ड्रेक्स बेमध्ये शिरला, नोव्हेंबरअखेरीस वादळ आलं आणि 'सान आगुस्तिन' मालासकट फुटलं. उरलेले लोक एका उघड्या होडीतून मेक्सिकोला पोचले. मग शहाणपण आलं: मोजणी करायची तर रिकाम्या, हलक्या जहाजांनी आणि आकापुल्कोकडून वर जात करायची.

५ मे १६०२ ला विस्काइनो निघाला. 'सान दिएगो', 'सांतो तोमास' आणि छोटं 'त्रेस रेयेस', सुमारे २०० माणसं, तीन कार्मेलाइट पाद्री आणि नकाशे काढायला हेरोनिमो मार्तिन पालासिओस. पाठवणारा व्हाइसरॉय (स्पेनच्या राजाचा मेक्सिकोतला प्रतिनिधी) म्हणजे काउंट ऑफ मॉन्टेरे. हुकूम स्पष्ट होते: किनारा, खडक, बेटं, खोली, पाणी, लाकूड टिपायचं, आतल्या मुलखात घुसायचं नाही, आणि जुन्या नकाशावरची नावं बदलायची नाहीत. शेवटचा हुकूम त्याने सरळ धाब्यावर बसवला. १५४२ मध्ये काब्रियो हा स्पेनचाच दर्यावर्दी हा किनारा बघून गेला होता. त्याचं 'सान मिगेल' विस्काइनोने सॅन डिएगो केलं, बाकी नावंही जवळजवळ सगळी पुसली.

१० नोव्हेंबरला सॅन डिएगो. १६ डिसेंबरला एका मोठ्या उपसागरात नांगर पडला, त्याला व्हाइसरॉयचं नाव दिलं: मॉन्टेरे. किनाऱ्यावरच्या मोठ्या ओकखाली प्रार्थना झाली. तोवर माणसं मरायला लागली होती. २९ तारखेला आजाऱ्यांना घेऊन 'सांतो तोमास' परत गेलं, आणि त्याबरोबर राजाला लिहिलेलं पत्र गेलं. जानेवारीत उरलेली दोन जहाजं केप मेंडोसिनोच्या वर, ४२ अंशांच्या आसपास पोचली आणि तिथून फिरली. २१ मार्च १६०३ ला 'सान दिएगो' आकापुल्कोत.

माझा मुद्दा त्या पत्राबद्दल आहे. पालासिओसच्या कच्च्या आराखड्यांवरून मेक्सिकोत एन्रिको मार्तिनेझने त्याच वर्षी ३२ नकाशे काढले, ते स्पेनमधल्या सेव्हियाच्या दप्तरखान्यात आहेत. ते नकाशे चांगले आहेत. भूशिरं, टेकड्या, झाडी, नांगर टाकायच्या जागा, सगळं कामाच्या माणसाने काढलेलं. पण पत्रात विस्काइनो लिहितो की मॉन्टेरे हे सगळ्या वाऱ्यांपासून सुरक्षित, जहाजांना लागेल ते सगळं असलेलं उत्तम बंदर आहे. मॉन्टेरेचा उपसागर वायव्येला सताड उघडा आहे. १७६९ मध्ये पोर्तोला हा स्पॅनिश अधिकारी सैन्य घेऊन सॅन डिएगोहून जमिनीवरून हे बंदर शोधत आला, त्याच वाळूवर उभा राहिला, आणि त्याला ते ओळखू आलं नाही. तो 'उत्तम बंदर' शोधत होता. मोजणी खरी आणि वर्णन खोटं निघालं तर १६६ वर्षांनी आलेला माणूस वर्णनावरच विश्वास ठेवतो. तुम्हाला काय वाटतं?


पमी

मस्त धागा. पोर्तोलाचं पुढे काय झालं ते लिहा ना. आणि सॅन फ्रान्सिस्कोचं एवढं मोठं बंदर शेजारी असताना या लोकांना दिसलं कसं नाही?


खाडीपलीकडे

पमी, गंमत अशी की ते बंदर सापडलं ते या चुकीमुळेच. मॉन्टेरे 'सापडलं नाही' म्हणून पोर्तोलाची माणसं तशीच उत्तरेला चालत राहिली आणि नोव्हेंबर १७६९ च्या सुरुवातीला डोंगरावरून त्यांना सॅन फ्रान्सिस्कोची खाडी दिसली. त्यांना त्याचं फार कौतुकही वाटलं नाही, वाटेत आडवं आलेलं पाणी एवढंच. पुढच्या वर्षी परत गेल्यावर मात्र पटलं की आपण ज्यावरून चाललो होतो तेच मॉन्टेरे. ३ जून १७७० ला तिथे ठाणं बसलं.

समुद्रातून का दिसलं नाही, हे जुना_खलाशी काकांनी सांगितलं तर बरं होईल. ते मर्चंट नेव्हीतून बे एरियात येऊन गेलेत.


जुना_खलाशी

आलो. गोल्डन गेट अरुंद जागी दीड किलोमीटरहून थोडं जास्त रुंद आहे. बाहेरून बघताना त्या फटीच्या मागे आल्काट्राझ आणि एंजल आयलंड येतात, त्यांच्या मागे पलीकडच्या बर्कलीच्या टेकड्या. तिन्ही एकाच रंगाचे. फट भरून निघते आणि डोंगराची रांग सलग दिसते. वर पूल नव्हता तेव्हा तिथे नजर थांबायला काही कारणच नव्हतं. त्यात पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर फॅरलॉन बेटांचे दात. शिडाचं जहाज घेऊन कोणीही शहाणा कप्तान रात्री त्या पट्ट्यात जवळ येणार नाही, तो बाहेरूनच जाईल. उन्हाळ्यात धुकं, हिवाळ्यात नैऋत्येची वादळं. काब्रियो, सेर्मेन्यो, विस्काइनो, तिघेही समोरून गेले. आत शिरणारं पहिलं जहाज म्हणजे आयालाचं 'सान कार्लोस', ५ ऑगस्ट १७७५, आणि तेही जमिनीवरून बंदर सापडल्यावर.

आता धाग्याबद्दल. नकाशा करायला वर चढत गेले हे एका वाक्यात लिहून तुम्ही मोकळे झालात, पण सगळं दुखणं तिथे आहे. त्या किनाऱ्याला वर्षातला बराच काळ वायव्येचा वारा असतो आणि समुद्राचा प्रवाह दक्षिणेला. म्हणजे वर जाताना वारा तोंडावर आणि पाणीही उलटं. शिडाला थेट वाऱ्यात जाता येत नाही, तिरकं तिरकं कापत जायचं. दिवसभर खपून संध्याकाळी बघावं तर सकाळचंच भूशिर समोर. म्हणून आकापुल्को ते सॅन डिएगो सहा महिने लागले, आणि तोच किनारा उतरताना जानेवारीत मेंडोसिनोच्या वरून निघालेलं जहाज १८ फेब्रुवारीला माझातलानला.

पण मोजणीसाठी हीच संथ गती उपयोगी पडते. वारा पाठीवर असेल तर नुसतं पळायला होतं.

काम कसं चालत असेल ते सांगतो. लहान जहाज पुढे, कारण त्याला पाणी कमी लागतं. पुढच्या टोकाला एक माणूस दोरी घेऊन उभा. दोरीला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली. वजन टाकायचं, तळाला लागलं की दोरीवरून किती वाव पाणी ते ओरडून सांगायचं आणि वर ओढल्यावर चरबीला काय चिकटलंय ते बघायचं. वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा, की चरबी कोरी. कोरी आली तर खाली खडक, नांगर धरणार नाही. ही माहिती नकाशावर खोलीइतकीच मोलाची. भूशिर दिसलं की होकायंत्रावरून त्याची दिशा घ्यायची, थोडं पुढे जाऊन परत घ्यायची, दोन्ही रेषा कागदावर जिथे छेदतात तिथे ते भूशिर.

दुपारी सूर्य माथ्यावर आला की ॲस्ट्रोलेब अंगठ्याला अडकवून उंची घ्यायची, त्या दिवसाचा सूर्याचा कोष्टकातला आकडा लावायचा, अक्षांश मिळतो. डुलत्या जहाजावर अर्ध्या अंशाची चूक म्हणजे काहीच नाही, पण समुद्रावर ती ३० सागरी मैल होते. म्हणून शक्य तिथे किनाऱ्यावर उतरूनच माप घेत. रेखांश मात्र नाहीच. तो अंदाज: किती वेगाने, किती वेळ, कुठल्या दिशेला.


तिरकस

लेखक महाशय विस्काइनोला फारच सोडून देताहेत. "वर्णन खोटं निघालं" काय, माणूस व्यापारी होता, खोटं लिहिलं! मोहीम सफल झाली असं दाखवायचं होतं. कोऱ्या किनाऱ्याचा अहवाल दिला असता तर पुढचं काम कोणी दिलं असतं? व्हाइसरॉयचं नाव बंदराला द्यायचं आणि मग ते बंदर जेमतेम आहे असं लिहायचं, एवढी हिंमत तर आजच्या सरकारी सल्लागारातही नाही.


खाडीपलीकडे

तिरकसराव, बरंचसं मान्य. त्याला मनिलाच्या गॅलियनचं प्रमुखपद देऊ केलं होतं, काउंट ऑफ मॉन्टेरेने. म्हणजे पत्र गोड असण्याला कारण होतं. पण डिसेंबरच्या त्या दिवसांत त्याने जे बघितलं त्याचाही विचार करा. मॉन्टेरेला दक्षिण टोकाला पॉइंट पिनोसच्या आडोशाला ते थांबले होते. त्या कोपऱ्यात नैऋत्येच्या वादळापासून खरंच आसरा मिळतो. पाइनची झाडं डोलकाठ्यांना, ओक जहाजाच्या डागडुजीला, गोडं पाणी, शिकार. सात-आठ महिने समुद्रावर मेलेली माणसं टाकत आलेल्याला ते बंदर वाटलं तर नवल नाही.

पण अक्षांशही चुकला. त्याने ३७ अंश लिहिले, मॉन्टेरे ३६ अंश ३६ मिनिटांवर. म्हणजे चाळीसेक किलोमीटर उत्तरेला. पोर्तोलाकडे मनिलात १७३४ मध्ये छापलेलं काब्रेरा बुएनोचं नाविकांचं पुस्तक होतं, त्यात हीच जुनी माहिती उतरवलेली. दोन चुका एकमेकींना धरून १६६ वर्षं टिकल्या.


जुना_खलाशी

२४ मिनिटांची चूक त्या काळच्या मानाने उत्तमच. काब्रियोने सॅन डिएगोला ३४ अंश आणि एक तृतीयांश लिहिलं होतं, खरं ३२ अंश ४० च्या आसपास. दीड अंशाहून जास्त. साठ वर्षांत एवढी सुधारणा झाली त्याचं श्रेय पालासिओसला जातं. विस्काइनोवर काय रागवायचं ते रागवा, पालासिओसच्या कामाला नावं ठेवू नका.


रानवाटा

सगळे वारे आणि अंश बोलताय. "अनोळखी किनारा" कोणाला अनोळखी? सॅन डिएगोला कुमेयाय लोक राहत होते, सांता बार्बराच्या सामुद्रधुनीत चुमाश, मॉन्टेरेला रुमसेन. त्यांच्याबद्दल दोन ओळी तरी हव्यात.


खाडीपलीकडे

हव्यातच. सॅन डिएगोला शंभरेक कुमेयाय पुरुष धनुष्यबाण घेऊन, पिसं लावून टेकडीवर आले. आधी एका वृद्ध बाईला पुढे पाठवलं. मोहिमेच्या नोंदीत तिचं वय दीडशेच्या वर दिसत होतं असं लिहिलंय, म्हणजे लिहिणाराही जरा रंगलाच. तिला मणी आणि खायला दिलं, मग बाकीचे खाली आले.

चुमाशांच्या होड्यांवर मात्र स्पॅनिश लोक खूश झाले. त्या होडीला तोमोल म्हणतात. समुद्राने वाहून आणलेल्या रेडवुडच्या फळ्या, त्यांना भोकं पाडून वनस्पतीच्या दोरीने शिवायच्या, आणि फटी नैसर्गिक डांबराने भरायच्या. तिथे किनाऱ्यावर डांबर आपोआप वर येतं, आजही पायाला चिकटतं. ही होडी इतक्या वेगाने आली की उडत येतेय असं वाटलं. होडीतल्या मुखियाने जहाजाला फेऱ्या मारल्या, वर आला, आणि आमच्या गावी चला म्हणून आग्रह केला. विस्काइनोला चांगला वारा लागला होता, तो थांबला नाही.

पुढे १७६९ नंतर स्पॅनिश पाद्र्यांची मिशनं आली आणि या लोकांचं जे झालं तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, आणि तो धागा सोपा नसेल.


गलबतवाला

शिवलेल्या होड्या वाचून कान टवकारले! आपल्या अरबी समुद्रातही खिळे न मारता काथ्याने फळ्या शिवलेली गलबतं शतकानुशतकं चालत होती. दोन्हीकडे कोणी कोणाला शिकवलं नाही हे उघड आहे.

आणि किनारा कागदावर उतरवायचं हेच काम आपल्याकडे पोर्तुगीजांनी आधीच केलं होतं. ज्वाव द कास्त्रोने १५३८-३९ च्या मोसमात गोवा ते दीव किनाऱ्याचं वर्णन आणि चित्रं काढली. दाभोळ, चौल, मुंबईची बेटं, घारापुरीची लेणी. त्याच्या चित्रांत खाडीचं तोंड, वाळूचे दांडे आणि आत शिरायची वाट दाखवलेली आहे. विस्काइनोच्या वेळी तर स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. १५८० ते १६४०.

आणखी एक माणूस आठवला. जेमेल्ली कारेरी, इटालियन. १६९५ मध्ये दमण, वसई, गोवा करत गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला भेटला. तोच पुढे मनिलाला जाऊन गॅलियनवर चढला आणि सहा महिन्यांहून जास्त काळ हाल सोसून जानेवारी १६९७ मध्ये आकापुल्कोला उतरला. बिस्किटांत किडे, अंगावर उवा, सगळं लिहून ठेवलंय. कॅलिफोर्नियाजवळ पाण्यावर समुद्री वनस्पती तरंगताना दिसल्या की जहाजावर उत्सव होई, खलाशी लुटुपुटीचं न्यायालय भरवून अधिकाऱ्यांना दंड करत. किनारा जवळ आल्याची ती खूण.


वैद्यबुवा

माणसं मेली ती स्कर्व्हीने, हे कोणी लिहिलंच नाही. क जीवनसत्त्व शरीरात फारसं साठत नाही. ताजं अन्न बंद झालं की दोन-तीन महिन्यांत लक्षणं दिसतात, कारण त्याशिवाय शरीर कोलॅजन बांधू शकत नाही. जुन्या जखमासुद्धा उघडतात. या मोहिमेतला पाद्री आंतोनियो दे ला असेन्सियॉन याने केलेलं वर्णन वैद्यकाच्या वर्गात वाचून दाखवावं असं आहे: अंगाला हात लावला तरी किंचाळायचे, कातडीवर जांभळे डाग, हिरड्या इतक्या सुजलेल्या की तोंड मिटेना, थुंकताना दात बाहेर पडत. चाळीसहून जास्त गेले. शिडं ओढायला माणूस उरला नव्हता, परतताना वारा पाठीवर होता म्हणून जहाज आलं.

माझातलानला मात्र ते वाचले. किनाऱ्यावर अननसाच्या कुळातलं एक काटेरी, आंबट फळ होतं. कोणीतरी चावून बघितलं, तोंडातून रक्त आलं, पण दुखणं उतरायला लागलं. मग सगळ्यांनी खाल्लं, आणि काही दिवसांत दात घट्ट. हे १६०३. ब्रिटिश नौदलाचा डॉक्टर जेम्स लिंड याने लिंबाचा प्रयोग केला १७४७ मध्ये. मधली जवळजवळ दीडशे वर्षं खलाशी मरत राहिले. मॉन्टेरेच्या बंदरापेक्षा ते फळ मोठा शोध होता, पण त्यासाठी कोणी नकाशा काढला नाही.


पमी

वैद्यबुवा, जेवताना वाचलं हो.


चेरीचा_बहर

जपानमधून. विस्काइनो पुढे इकडे आला होता, हे इथे कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. जून १६११ मध्ये तो राजदूत म्हणून उरागाला उतरला, शोगुन हिदेतादाला एदोमध्ये (आजचं टोकियो) आणि त्याचा बाप, खरा सत्ताधीश इएयासू, याला सुनपूत भेटला. स्पॅनिश जहाज १६०९ मध्ये इथे फुटलं होतं, त्यातल्या लोकांना जपान्यांनी वाचवलं, त्याचे आभार म्हणून एक घड्याळ भेट दिलं. हान्स दे एवालोने माद्रिदला १५८१ मध्ये केलेलं. ते आजही शिझुओकाच्या कुनोझान तोशोगू देवस्थानात आहे. पितळी, चौकोनी, वर घुमट, आणि उंचीला हातभरसुद्धा नाही.

मग त्याने परवानगी मागितली ती किनारा मोजायची. मिळाली. सेंदाईच्या वर सानरिकूचा किनारा मोजत असताना २ डिसेंबर १६११ ला प्रचंड सुनामी आली. त्याची माणसं ओकिराईजवळ समुद्रात होती, गावातले लोक डोंगराकडे पळताना त्यांनी पाहिले. २०११ नंतर इथले संशोधक जुन्या लाटांचा माग काढत होते तेव्हा त्याच्या वृत्तांताकडे परत लक्ष गेलं.

खरं तर तो आला होता रिको दे ओरो आणि रिको दे प्लाता नावाची सोन्या-चांदीची बेटं शोधायला. ती नाहीतच. सापडली नाहीत.

आणि विल्यम ॲडम्स. इंग्रज, इएयासूचा सल्लागार. त्याने इएयासूच्या कानावर घातलं की युरोपात परक्याला आपल्या किनाऱ्याची खोली मोजू देणं म्हणजे उद्याच्या आरमाराला वाट दाखवणं.


बेसिनकर

चेरीताई, ॲडम्सने ते सांगायच्या आधीच जपानात हा संशय पेरला गेला होता, आणि त्यात आमच्या वसईच्या माणसाचा जीव गेला. १५९६ मध्ये मनिलाहून आकापुल्कोला निघालेलं 'सान फेलिपे' गॅलियन वादळाने शिकोकूच्या उरादोला लागलं. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या अधिकाऱ्याने माल जप्त केला. जहाजाच्या सुकाणूदाराने म्हणे जगाचा नकाशा पुढे ठेवून स्पेनचं राज्य किती मोठं ते दाखवलं आणि आधी पाद्री जातात, मागून सैन्य, असं काहीतरी बोलून गेला. तो नेमकं काय बोलला यावर इतिहासकार अजून भांडतात. पण ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यात वसईचा गोन्सालो गार्सिया. जपानी उत्तम येत असल्याने फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा दुभाषी होता. १८६२ मध्ये संतपद मिळालं. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. त्याच २६ मध्ये मेक्सिकोचा फेलिपे दे हेसुस, तो तर त्याच जहाजाचा प्रवासी, घरी परत चालला होता.


चेरीचा_बहर

बेसिनकर, फेलिपे माहीत होता, गोन्सालो वसईचा हे माहीत नव्हतं. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या सगळ्यांचं स्मारक आहे, आता जाईन तेव्हा त्याला शोधेन.


तिरकस

ॲडम्स आणि तो सुकाणूदार, दोघांनी मिळून धागा लेखकाच्या मुद्द्यावर पाणी टाकलं की! नकाशे 'कामाच्या माणसाने काढलेले' म्हणून निर्दोष, आणि पत्र तेवढं दोषी? जपान्यांना पत्राची भीती वाटली नाही, दोरीच्या शिशाची वाटली.


खाडीपलीकडे

हे बरोबर आहे, आणि मी नकाशाला निर्दोष म्हटलेलं नाही, खरा म्हटलंय. खरा नकाशा जास्त घातक, हे ॲडम्सला कळत होतं. कॅलिफोर्नियात त्या नकाशाचा वापर व्हायला १७६९ उजाडलं, तोवर तो दप्तरात पडून होता.


पमी

पण एवढं सगळं करून बंदर वसवलं का नाही? दीडशे वर्षं?


खाडीपलीकडे

व्हाइसरॉय बदलला. काउंट ऑफ मॉन्टेरे पेरूला गेला, त्याच्या जागी मार्केस दे मोन्तेस्क्लारोस आला. त्याने विस्काइनोचं देऊ केलेलं प्रमुखपद काढून घेतलं आणि बंदराची कल्पनाच मोडीत काढली. त्याचं म्हणणं असं की गॅलियन कॅलिफोर्नियाला लागलं की वारा पाठीवर, पुढचे काही आठवडे काढले की आकापुल्को. एवढ्यासाठी कोण थांबेल? आसरा हवा तो पॅसिफिकच्या मध्यावर. शिवाय तिथे वस्ती केली तर इंग्रजांना लुटायला एक जागा तयार करून दिल्यासारखं. १६०६ मध्ये राजाने मॉन्टेरेला वसाहत करायचा हुकूम काढला, प्रमुख विस्काइनो, पण मोन्तेस्क्लारोसने तो पैसा त्या सोन्या-चांदीच्या बेटांच्या शोधाकडे वळवायला लावला. म्हणजे चेरीताईंनी सांगितलेली जपानची मोहीम ती याच पैशाच्या वादातून निघाली.


जुना_खलाशी

मोन्तेस्क्लारोसचा हिशोब खलाशाचा आहे, आणि बरोबर आहे. सात-आठ महिने वर चढलेल्या माणसाला ते बंदर स्वर्ग वाटतं, उतरणाऱ्याला त्याची गरज नसते. गॅलियनचे कप्तान नंतर किनाऱ्यापासून लांबूनच खाली जात. जुलैमध्ये मॉन्टेरेला जाऊन बघा, वायव्येची लाट थेट आत येते. आज तिथे होड्या उभ्या राहतात त्या दगडी बांध घातलाय म्हणून.


तिरकस

म्हणजे शेवटी विस्काइनोचं पत्र खरं करायला बांधच घालावा लागला.


रानवाटा

मिशनांवरचा धागा मी काढते. खाडीपलीकडे, तोमोलबद्दल तुमच्याकडे अजून काही असेल तर तिकडे टाका.